व्हय म्हंजे कबूल न्हाई

मला आधी एक सांगा, मोठा मानूस समोर उभा राहून बोलायला लागला की तुमच्या तोंडातून काय निघतं? खरं सांगा. पोरीच्या सासऱ्यानं चार गोष्टी सुनावल्या, तलाठ्यानं सातबाऱ्यावर बोट ठेवून काहीबाही वाचलं, डॉक्टरनं गोळ्या कवा घ्यायच्या ते भराभरा सांगितलं, तवा तुमी काय म्हनता? व्हय म्हनता. व्हय अण्णा, व्हय भाऊसाहेब, व्हय डॉक्टर. त्यातलं समदं तुमाला कळलेलं असतं का? पटलेलं असतं का? न्हाई ना? मंग माझ्या मालकानं त्याच तोंडानं व्हय म्हनलं तर त्यांना तुरुंगात का घातलं, एवढंच मला इचारायचं हाय. बाकीचं सांगते, बसा, पन हे आधी डोक्यात धरा.

माझं नाव छबू. आमी गोंधळी. माझं माहेर शेवगावच्या बाजूचं, तिकडं पावसाचा काय भरवसा न्हाई आन आमाला रानही न्हाई, त्यामुळं पाऊस आला काय न आला काय, आमचं पोट गावोगावच्या दारांवर. माझी आय बोहारीण, म्हंजे जुन्या कपड्यांवर भांडी देनारी. डोक्यावर पाटी, पाटीत टोप, तांबे, चाळन्या, आन काखेत कपड्याचं गाठोडं. मी चालायला लागले तशी तिच्या मागं. तिनं मला लिहायला शिकवलं न्हाई पन एक शिकवलं, कपडा हातात घेतला की त्या घरच्या बाईसमोरच झाडायचा, घडी न घडी उलगडायची, मंगच पदरात घ्यायचा. का तर लोकांच्या कपड्यात काय काय राहतं, काय सांगू तुमाला, नोटा राहत्यात, जोडवी राहत्यात, एकदा तर एका साडीच्या काठात सोन्याचा मनी निघाला. आय म्हनायची, छबे, बोहारनीवर आळ यायला एक घडी पुरती. म्हनून आधी झाडायचं. आज पन मी तसंच करते. घडी झाडल्याबिगर मी कुनाची चिंधी घेतली न्हाई.

लग्न करून कर्जतच्या बाजूला आले. मालकांचं नाव घेत नव्हते, आमच्यात घेत न्हाईत, पन कोर्टात शिपायानं तीनदा इचारलं, बाई नवऱ्याचं नाव सांग, तवा घ्यावं लागलं, तवापासनं भीडच गेली. अंबादास. आता घेते. अंबादास, अंबादास, अंबादास. काय वाकडं व्हायचं ते झालंच हाय.

आता गोंधळ म्हंजे काय ते तुमच्यातल्या शहरवाल्यांनी बघितलं नसंल म्हनून सांगते. लग्न झालं की देवीच्या नावानं गोंधळ घालत्यात. तांदळाचा चौक भरायचा, उसाची पाच कांडी उभी करायची, घट मांडायचा, दिवटी पेटवायची, आन मंग नाईक उभा राहून देवीची कथा सांगतो. माझे थोरले दीर रंगनाथ, ते नाईक. तोंडाचा पट्टा असा की मोहट्याच्या रेणुकेनं पन खाली बसून ऐकावं. आन आमचे मालक त्यांच्या बाजूला संबळ घेऊन. नाईकानं एक वाक्य टाकलं की मालकांनी म्हनायचं, व्हय महाराज. नाईक म्हननार, देवी निघाली. व्हय महाराज. डोंगर चढली. व्हय महाराज. डोंगराच्या टोकाला तुझी सासू बसली हुती. व्हय महाराज. मंग लोकं हसत्यात. ह्याला हुंकार म्हनत्यात. हुंकार देनारा नसंल तर कथा सांगनाऱ्याचा घसा सुकतो, कथा पुढं सरकत न्हाई. व्हय म्हंजे खरं हाय असं न्हाई, व्हय म्हंजे मी ऐकतोय, तुमी बोला. एवढाच त्याचा अर्थ. हे आमच्या घरात शेंबडं पोर सांगंल.

आन मालकांना ती सवयच लागलेली, नुसती गोंधळात न्हाई, चोवीस तास. त्यांचा बाप हुंकारी, आजा हुंकारी. एसटीत कंडक्टर बोलला तरी व्हय महाराज. एकदा मी लई चिडले हुते, म्हनलं, तुमाला माझ्यापरीस ती शेजाऱ्याची म्हस बरी वाटती. तर म्हनतात कसे, व्हय. मी म्हनलं, काय? म्हनले, न्हाई गं, तू बोल, मी ऐकतोय. सोनी, आमची लेक, हसून हसून लोळली. असा मानूस. उभ्या जन्मात कुनाला न्हाई म्हनून ठाऊक न्हाई.

तर गेल्या साली तुळशीची लग्नं उरकल्यावर एका गावात बंगल्यावाल्या अण्णांच्या थोरल्या लेकाचं लग्न झालं. लिहून घेताय त्यांनी गावाचं नाव लिहू नका, आन्खी तंटा नको, ज्यांना कळायचं त्यांना कळंल. अण्णा पूर्वी सरपंच हुते. त्यांच्या घरचा गोंधळ पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडं. अण्णांच्या लग्नातला गोंधळ माझ्या सासऱ्यानं घातलेला. त्या घरचं सुगीच्या धान्याचं माप आमी कधी सोडलं न्हाई आन त्या घरची सुपारी कधी टाळली न्हाई. देवघराच्या बाहेरच्या खोलीत चौक भरला. नवरा-नवरी बसली. नवरीच्या अंगावर जड शालू, गळ्यात काय काय. कथा सांगून झाली, दिवटी ओवाळली, समदे पाया पडले. अण्णांची आई, त्यांना आख्खा गाव माई म्हनतो, त्यांनी माझी ओटी भरली. जेवून आमी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंगल्यात बोंब, नवरीची सोन्याची साखळी न्हाई. घरात पाव्हनं किती, मांडववाले, आचारी, फोटोवाले, बँडवाले. पन कुनाचं नाव घेतलं? देवीची कथा सांगून गेले त्यांचं. अण्णांची धाकटी भावजय म्हनली, बाहेरची मानसं त्या खोलीत दुसरी हुती कोन? बाहेरची. तीन पिढ्या चौक भरतोय आमी त्या घरात, आन बाहेरची!

पोलिसांची गाडी आली, रंगनाथ दाजींना आन मालकांना घेऊन गेली. मी मागं मागं टमटमीनं. ठान्याच्या व्हरांड्यात बसले, दार उघडं हुतं, समदं ऐकू येत हुतं. आधी दाजींना घेतलं. दाजी तर बोलनारे, त्यांनी हवालदाराला कथाच लावली, आमचं घरानं काय, बंगल्याचं आमचं नातं काय, साहेब तुमच्या गावात गोंधळ कोन घालतं, न्हाई न्हाई न्हाई, असं म्हनत हवालदाराचं डोकं उठवलं. हवालदार म्हनला, ह्याला बाहेर काढा, ह्यो मला गोंधळात घालतोय. दाजी सुटले.

मंग आमच्या मालकांना घेतलं. हवालदार म्हनला, लग्नात तू होतास. व्हय साहेब. संबळ वाजवत होतास. व्हय साहेब. नवरी तुझ्यासमोर बसली होती. व्हय साहेब. साखळी तुला दिसली. व्हय साहेब. मला व्हरांड्यात बसल्या जागी कळलं पुढचं काय येनार. मी उठले तर दारातल्या शिपायानं काठी आडवी धरली, म्हनला, मावशे, बस खाली. आन आतून आवाज आला, आणि मग ती तूच उचललीस. व्हय साहेब.

मी ओरडले, ओ साहेब, ते व्हय तसं न्हाई! आतून हसायचा आवाज. हवालदार बाहेर आला, हातात चहाचा गलास, म्हनला, बाई, नोकरीला लागल्यापासून इतका गोड चोर बघितला नाही, एक चापट मारली तेवढीच, बाकी बिचारा आपणहून बोलला. एक चापट मारली तेवढीच. हे त्यो अशा थाटात म्हनला जशी काय त्यानं आमच्यावर मेहेरबानी केली. साखळी कुटं हाय म्हनून इचारलं तर मालक गप, कारन त्याला व्हय म्हनता येईना ना. कुटं म्हनल्यावर व्हय कसं म्हननार? मंग हवालदारानंच सांगितलं, विकली असशील, आठवडी बाजारात, अनोळखी माणसाला. व्हय साहेब. झालं. साखळी पन विकून मोकळे.

जामिनाला मी कुनाकुनाच्या दारात गेले. ज्यांच्या लेकरांच्या लग्नात आमी नाचलो त्यांच्या दारात गेले. कुनी म्हनलं जामिनाला लागतो तो जमिनीचा उतारा मुलाच्या नावावर हाय, कुनी म्हनलं अण्णांना वाईट वाटंल. एवढंच समद्यांना पडलेलं. अण्णांना वाईट वाटंल.

संक्रांत झाली आन त्यांना तालुक्याच्या कोर्टात उभं केलं. सरकारनं आमाला फुकटातला वकील दिलेला हुता, कागदावर. त्यो त्या घटकेला दुसऱ्या खोलीत दुसऱ्याच्या कामात. मालक पिंजऱ्यात उभे, वर जज मॅडम बसलेल्या, वयानं आमच्या सोनीएवढ्या असतील, समोर फायलींचा ढीग. मी त्यांना एकटीला दोष देत न्हाई, पन देते पन, का देऊ नये? त्यांनी वाचलं, फलाणा कलम, फलाणा दिवस, लबाडीच्या इराद्यानं. मालक मान हलवत ऐकत हुते. मॅडमनी इचारलं, दोषारोप समजला का? आन त्या उंच खुर्चीकडं बघून, तो टेबल, तो पट्टेवाला, ती शांतता बघून मालकांच्या तोंडातून जे जन्मभर निघालं तेच निघालं. व्हय महाराज.

समदं कोर्ट हसलं. वकील हसले, शिपाई हसला, मॅडमच्या पन ओठावर हसू आलं. मंग त्यांनी इचारलं, गुन्हा कबूल आहे का? व्हय महाराज. शिक्षा होऊ शकते, माहीत आहे का? व्हय महाराज. कोणाच्या दबावाखाली बोलताय का?

व्हय महाराज.

आता मला तुमी सांगा. तुमी शिकलेले हायेत, चार बुकं वाचलेली हायेत, तुमी सांगा. गुन्हा कबूल हाय का म्हनल्यावर व्हय म्हनलं, ते धरलं. दबावाखाली हाय का म्हनल्यावर पन व्हयच म्हनलं, ते का न्हाई धरलं? तोंड तेच, मानूस तोच, शब्द तोच, मधी जांभई द्यायला पन येळ गेला न्हाई. दुसरा व्हय खरा आन चौथा व्हय खोटा, हे कोनी ठरवलं? लोकं आन्खी हसत हुती, तेवढ्यात टायपिंग झालं पन. दोन वर्षं. मालकांनी माझ्याकडं वळून बघितलं आन खुनेनंच इचारलं, काय झालं? त्यांना शिक्षा झालेली त्यांना मी सांगितली. कोर्टानं सांगितली ती त्यांनी नुसती ऐकली हुती.

तवापासनं गावात ती चेष्टाच झाली. मी पाटी घेऊन पारावरून निघाले की पोरं मागनं वरडतात, व्हय महाराज! एक दिवस मी पाटी खाली ठेवली. म्हनलं, कोन रं त्यो? ये की म्होरं. तुझ्या लग्नात गोंधळ घालायला कोन येनार हाय? बँड लाव. आन साखळी हारवली तर बँडवाल्याच्या नावावर घाल, त्याचा बाजा मोठा हाय, त्यात मावंल तरी. पोरं पांगली. पन दुसऱ्या दिवशी परत तेच. कितींच्या तोंडाला हात लावू मी?

आता ऐका, खरी गोष्ट तर पुढंच हाय. चैत्र लागला, मी त्या गावात फेरीला गेले. बंगल्याच्या गल्लीत जायची न्हाई असं ठरवलेलं, पन मागच्या दारातनं माईंनी हाक मारली. छबे, इकडं ये गं. गेले. माईंनी दोन साड्या काढल्या, चांगल्या काठाच्या, न वापरल्यागत, आन माझ्या अंगावर टाकल्या. मी म्हनलं, माई, ह्याच्यावर मोठा टोप येतो, डबा पन येतो, बघा कोन्ता पाहिजे. म्हनल्या, काही नको, तू घेऊन जा. मी म्हनलं, तसं कसं, बोहारीण फुकट घेत न्हाई, फुकट घेतलं की ती भीक झाली. आन सवयीनं साडी झाडायला लागले, घडी उलगडायला लागले, तर माईंनी माझा हात धरला आन त्यांच्या डोळ्यात पानी. म्हनल्या, झाडू नको गं, ह्याच्यात काही नाही, जे होतं ते सापडलं.

मी म्हनलं, काय सापडलं?

नव्या सूनबाईंनी नात्यातल्या साखरपुड्याला लग्नाचा शालू काढला, तर निऱ्यांच्या घडीत साखळी. लग्नाच्या दिवशी अंगावरनं उतरवताना अडकली, तशीच शालूसंगं घडी होऊन कपाटात गेली. मी खालीच बसले. चौक भरायला जशी बसते तशी. आख्ख्या बंगल्यात एका बाईला तो शालू झाडून ठेवायचं सुचलं न्हाई! माझ्यासारखी अडाणी बाई दुसऱ्याचं फडकं झाडून घेते, आन ह्यांनी स्वतःचा शालू झाडला न्हाई, आन माझा नवरा आत.

म्हनलं, माई, मंग सांगा की! पोलिसाला सांगा, कोर्टाला सांगा. माई इकडं तिकडं बघायला लागल्या. म्हनल्या, अण्णा म्हणतो आता सांगितलं तर आपलीच अब्रू जाईल, खोटी केस केली म्हणून आपल्यावरच उलटंल. तू साड्या घे न जा बाई. मी त्या साड्या तिथंच ठेवल्या. पायरीवर. टोपाच्या बदल्यात घेतल्या असत्या, नवऱ्याच्या बदल्यात कशा घेऊ?

तडक पुढच्या दाराला गेले. अण्णा झोपाळ्यावर, मोबाईल बघत. म्हनलं, अण्णा, साखळी घावली म्हनं. त्यांनी मान पन वर केली न्हाई. म्हनले, कोण म्हणतं? म्हनलं, माई. म्हनले, माईचं वय झालंय, काहीही बडबडते, आणि छबूबाई, मला सांग, मी तुझ्या नवऱ्याला आत टाकला का? त्यानं भर कोर्टात स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. मी काय करणार? सूनबाई दारात उभ्या. त्यांच्या गळ्यात ती साखळी. मी बघितली, त्यांनी मी बघितलेली बघितली, आन पदर वढून आत गेल्या. त्या पोरीचा मला राग न्हाई. न्हाई कसा, हाय, थोडा हाय. पन ती त्या घरात नवी हाय. अण्णांचा राग हाय. ज्या मानसाला न्हाई म्हनता येत न्हाई त्याच्या व्हयवर हे बंगलेवाले उभे हायेत, आन जिथं ह्यांनी स्वतः एकदा व्हय म्हनायचं, व्हय, सापडली, तिथं ह्यांची वाचा बसती.

ठान्यात गेले तर हवालदार म्हनला, केस संपली मावशी, निकाल लागला. तालुक्याच्या वकिलाकडं गेले तर म्हनला, कबूल केलं की अपिलात फार काही उरत न्हाई. मंग सोनीकडं गेले, ती केडगावला दिली हाय, जावई एमआयडीसीत जातो. जावयानं नगरला एक वकीलीनबाई शोधल्या. अहिल्यानगर म्हनायचं आता, पन एसटीत बसलं की तोंडात नगरच येतं. त्या बाईंनी माझं समदं ऐकलं, मधी हसल्या न्हाईत, हे मी ध्यानात ठेवलंय. म्हनल्या, वरच्या कोर्टात अर्ज करू, ह्या माणसाला काय विचारलं ते समजलंच नव्हतं असं सांगू, पण मला माणसं द्या. एक, साखळी सापडल्याचं सांगणारं. दुसरं, गोंधळ्याचा व्हय म्हणजे हुंकार असतो हे सांगणारं, आणि ते तुमच्या नात्यातलं नको, तुमच्या जातीतलं नको. मी म्हनलं, बाई, हे तर आख्ख्या जिल्ह्याला ठाऊक हाय. त्या म्हनल्या, जिल्ह्याला माहीत आहे, कोर्टाला नाही. अर्ज गेलाय. आता तारखेची वाट.

मी मानसं शोधत फिरते. पाटीत भांडी आन तोंडात हेच. मास्तर म्हनतात, छबूबाई तुमचं खरं आहे. डेअरीवाला म्हनतो, अन्याय झाला. समदे म्हनत्यात. चला म्हनलं की पाऊल निघत न्हाई.

मागं तुरुंगात भेटायला गेल्ते. जाळी, जाळीच्या पलीकडं मालक. मी आपली बोलत सुटले, सोनीला दिवस गेलेत, दाजींचा घसा बसलाय, संबळाला वाळवी लागू नये म्हनून मी रोज पुसते, वकीलीनबाई चांगल्या हायेत. बोलता बोलता ध्यानात आलं, पलीकडनं काहीच येत न्हाई. मालक गप. माझ्याकडं बघत्यात, ऐकत्यात, पन हुंकार न्हाई. पंचवीस-तीस वर्षांच्या संसारात पयल्यांदा मी बोलले आन त्यांनी व्हय म्हनलं न्हाई. मी म्हनलं, अवं, ऐकताय न्हवं? तर ओठ हालले, आन परत मिटले. भीती बसलीय त्या मानसाला. त्याच्या बापजाद्यांचा शब्द त्याच्या तोंडातून काढून घेतला ह्या लोकांनी. साखळी त्यांची सापडली, ह्याची भरपाई कोन देनार?

आता मी काय मागते ते ऐका. मला पैका नको, साड्या नको. देवी तुमच्या घरादाराचं भलं करो, तुमच्या लेकरांच्या लग्नात कुनाची वस्तू न हारवो. पन त्या लग्नात तुमी जेवला असाल, त्या सूनबाईंच्या गळ्यात ती साखळी बघितली असंल, तर वकीलीनबाईंपुढं येऊन सांगा. तिथं नसाल, पन तुमच्या घरी एकदा जरी गोंधळ झाला असंल, तरी या, आन साहेबांसमोर उभं राहून सांगा की गोंधळ्याचा व्हय म्हंजे कबुली न्हाई. आन हे पन जमत नसंल तर तुमच्या गावातनं कुना गरिबाला धरून नेला तर त्याच्यासंगं ठान्यात जाऊन बसा, आन मधीच उठून म्हना, साहेब, त्याला समजलं का, आन्खी एकदा इचारा.

आन एक. मघापासनं मी बोलतेय आन तुमी मान हलवताय, व्हय मावशी, व्हय मावशी करताय. मी मोजलं न्हाई, पन ऐकलंय समदं. आता ते नुसतं ऐकत हुतो म्हनून म्हनलं, असं म्हनायचं न्हाई. माझ्या मालकाला ती सवलत भेटली न्हाई, तुमाला मी का देऊ? तुमी व्हय म्हनलंय, मी ते कबूल धरलंय. तारखेला या.